आपल्या बेटावर साप नव्हते

१४ एप्रिल

मार्गालिदा,

तुझ्या ‘सरप्राइज’चं कौतुक कुठल्या शब्दांत करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून सरळच विचारते. माझ्या कोंबड्या कुठे आहेत?

खुब्याचं हाड बदलून मी पेपाकडे पडून होते, तेव्हा तू रोज फोन करायचीस. “आई, घाई करू नकोस. पेपामावशीकडे आणखी आठवडाभर राहा.” मला वाटलं, पोरीला माया फुटली. तू इकडे माझ्या अंगणात क्रेन घातली होतीस.

काल पेपाने मला फाटकाशी सोडलं. मी काठी टेकत आत आले आणि परत बाहेर जाऊन घराचा नंबर पाहिला. शपथेवर सांगते. शेजारचा शिकू त्याच्या बदामाखाली बसून हे बघत होता. म्हणाला, “नेउस, बरोबर घर आहे. हॉटेल झालंय, एवढंच. खोली आहे का विचार.” कोंबड्या तू त्याला नेऊन दिल्यास, हे त्यानेच सांगितलं. त्यातल्या काही भातात गेल्या, हे सांगितलं नाही, पण तोंडावर दिसत होतं.

तेलाच्या डब्यांतली माझी जिरेनियम गेली. मिरच्यांचा वाफा गेला. स्वयंपाकघराच्या दाराशी पुदिना होता, तिथे आता पांढरी खडी आहे. ईस्टरच्या फ्लाओत, त्या चीजच्या केकात, मी काय घालायचं, खडी? कपड्यांची दोरीसुद्धा काढलीस. बार्सेलोनातली माणसं ओले कपडे अंगावरच वाळवतात का? तुझ्या बापाने लावलेलं लिंबू तेवढं ठेवलंस. उपकार झाले.

आणि टेबलावर तुझी चिठ्ठी. “आई, ही खरी भूमध्य बाग. पाणी कमी, वाकणं नाही, आणि बाराही महिने सुंदर.” बाई गं, मी सत्तर वर्षं ज्या बागेत वाकले ती काय नॉर्वेची होती? मी या इबिसा बेटाच्या बाहेर दोनदा गेले, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. मला भूमध्य शिकवायला तुला कॉलेजात घातलं नव्हतं.

ते ऑलिव्हचं झाड. भाकरीच्या भट्टीएवढा त्याचा बुंधा, आतून पोकळ, पिळवटलेला. शिकू म्हणतो, तोमेउच्या ट्रकवरून आलं तेव्हा गल्लीतली सगळी माणसं टोप्या काढून उभी होती, मयतासारखी. मुख्य भूमीवरच्या कुणाच्या तरी शेतातून उपटून बोटीने आणलंस. हजार वर्षांचं आहे म्हणे. “तुझ्यापेक्षा म्हातारं काहीतरी आलं एकदाचं या घरात,” हे शिकूचं मत.

वाफे कमरेएवढे उंच बांधलेस ते कशाला? मला वाकता येतं. डॉक्टर नको म्हणतो, पण डॉक्टरकडे वाफे नाहीत. दारापासून टाक्यापर्यंत तो बसका कठडा घातलास, त्याचाही मला उपयोग नाही. काल थोडा वेळ बसले होते, पण ते बूट काढायला.

ज्यांनी कुणी हे केलं त्या माणसांना घेऊन ये आणि होतं तसं कर.

नेउस प्लानेल्स, घरमालकीण


२ ऑगस्ट

मार्गालिदा,

तुझं पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. उत्तराला उशीर झाला, कारण मला राग ओसरायची वाट बघायची होती. तो ओसरत नाही असं दिसल्यावर लिहायला बसले.

तू विचारतेस, “माझं एकतरी काम तुला आयुष्यात आवडलं आहे का?” प्रश्नच चुकीचा. मी तुला काम सांगितलंच कधी? तू बार्सेलोनात लोकांना बागा आखून दे, मासिकात फोटो छापून आण, मी कधी आडवी आले नाही. पण माणूस भूल घेऊन टेबलावर पडलेला असताना त्याचं अंगण बदलायचं नसतं. विचारायचं असतं. मी नाही म्हटलं असतं, आणि ते तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. संपलं.

आता तुझ्या विद्येबद्दल. अर्धी लव्हेंडर जळाली. मार्चमध्ये लावणी कोण करतं? पुढे सगळा कोरडा उन्हाळा पडलेला. शहाणी माणसं ऑक्टोबरात लावतात, म्हणजे हिवाळाभर मुळं खाली उतरतात. हे तुला तुझ्या बापाच्या मांडीवर बसून कळलं होतं, पण मी दवाखान्यात होते तेवढ्यात उरकायचं, म्हणून मार्च. घायपात मात्र छान आहे. घायपात लावायला विद्या लागत नाही आणि जगवायलाही.

लोक येतात. गडग्यापलीकडची इर्मगार्डबाई रोज येते, तिची जर्मन आणि माझी भाषा यांची कधी गाठ पडत नाही, पण ती त्या ऑलिव्हभोवती फिरते आणि उसासे टाकते. वरच्या बंगल्यातलं इंग्रज जोडपं आलं. पाद्रीबाबा आले. पेपा तिच्या शिवणवर्गाच्या बायका घेऊन आली. मी काय करू, हाकलून देऊ? थंड पाणी देते, झाडाचं वय सांगते, बुंध्यात हात घालायचा तर घालू देते. इर्मगार्डबाईने तसंच एक मागवलं. इंग्रजांनी दोन. ही कामं तुझ्याकडेच आली असतील, तेव्हा आभार मानायला विसरलीस हेही नोंदवून ठेवते. तोमेउच्या ट्रकला आता दम खायला फुरसत नाही. परवा चर्चबाहेर मला हात दाखवून हसला. तो माझ्याकडे बघून हसला की मी पिशवी छातीशी धरते.

एक विचारायचं होतं. गडग्यावर यंदा सरडे कमी आहेत. टाक्याकडच्या बाजूला तर दिसलेच नाहीत. तू खडीखाली कसलं औषध मारलंस? खरं सांग. मला कळल्याशिवाय राहणार नाही.

आई


२० मे

मार्गालिदा,

पाकिटातली वस्तू हळू काढ. फाटेल.

प्लास्टिक नाही ते. मलाही आधी वाटलं, तुझ्या ठिबकच्या नळीचं काहीतरी वेष्टण असेल. लव्हेंडरच्या बुंध्याशी अडकलं होतं. मी शिकूला दाखवलं. तो तरुणपणी मुख्य भूमीवर, वालेन्सियाकडे सैन्यात होता. त्याने हातात घेतलं आणि लगेच टाकून दिलं.

“नेउस, ही कात आहे.”

“कसली कात?”

“सापाची.”

मी हसले. म्हटलं, “शिकू, सकाळीच पाल्याची दारू चढवलीस?” आपल्या बेटावर साप नाहीत. माझी आजी सांगायची, जुन्या काळचे खलाशी इथली माती पुरचुंडीत बांधून नेत, परमुलुखात अंथरुणाभोवती पसरायला. या मातीवर साप येत नाही म्हणून. शिकू हसला नाही. म्हणाला, “माती इथली आहे. झाड इथलं नाही.”

मी खुर्ची टाकून बसले. तुझ्या त्या हजार वर्षांच्या म्हाताऱ्यासमोर, ऊन चढेपर्यंत. मग तो बाहेर पडला. बुंध्याच्या पोकळीतून, घरमालक फेरफटक्याला निघतो तसा, अजिबात घाई नाही. काळपट, पाठीवर डागांची माळ, डोक्यामागे घोड्याच्या नालासारखी खूण. माझ्या काठीहून लांब. तोंडात सरडा होता. सगळा आत गेलेला, निळी शेपटी तेवढी बाहेर, आणि ती अजून हलत होती.

शिकू ओरडला, “विषारी नाही तो, नेउस, विषारी नाही!” जणू मी माझ्यासाठी घाबरले होते. मी कुदळ घेतली. पहिला घाव खडीवर बसला. दुसरा चुकला नाही. नंतर मला उठता येईना, तेव्हा शिकूने धरून घरात नेलं. खुबा ठीक आहे. तू विचारशील म्हणून नाही, सहज लिहिते.

तुला आठवतं का मला माहीत नाही. तू शाळेत जायच्या आधी त्या गडग्यावर पालथी पडायचीस, जिभेवर टोमॅटोचा तुकडा ठेवून. सरडा यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि तुझ्या तोंडातून तुकडा उचलायचा. मी ओरडायचे, तू पडशील म्हणून. तुझा बाप म्हणायचा, “ओरडू नकोस, तो पळेल.” त्या गडग्यावर आज मी तासभर टोमॅटो ठेवला. मुंग्या आल्या.

औषधाचा आरोप मी मागे घेते. तू औषध मारलं नाहीस. त्याहून वाईट केलंस.

नेउस


२८ जून

मार्गालिदा,

तुझं उत्तर टाइप केलेलं आलं. आईला टाइप! वर कंपनीचं नाव, खाली सही. मला क्षणभर वाटलं, मी तुला कोर्टात खेचलं की काय.

“झाडाची सर्व कागदपत्रे नियमानुसार होती. साप नेमका याच झाडातून आला हे सिद्ध करता येणार नाही. परिसरातील इतर बागांमध्येही जुनी ऑलिव्ह आहेत.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या! इतर बागांमधली ऑलिव्ह कुणी लावली? इर्मगार्डकडे तू. इंग्रजांकडे तू. टेकडीवरच्या त्या काचेच्या बंगल्यात तू. स्वतःच घराघरांत विस्तव ठेवत जायचं आणि मग म्हणायचं, आग कुठूनही लागली असेल.

त्यानंतर तुझा फोन आला आणि तू जे ओरडलीस ते मी पूर्ण ऐकलं नाही, फोन ठेवला. तू कुणाकडून तरी अर्धवट ऐकलं आहेस. पूर्ण माझ्याकडून ऐक.

चर्चच्या हॉलमध्ये सभा होती. बेटाच्या कचेरीतली एक मुलगी आली होती, तुझ्याहून लहान, उन्हाने नाक सोललेलं. तिने फोटो दाखवले. हे साप हिवाळ्यात जुन्या झाडांच्या ढोलीत झोपतात, मुळांच्या मातीत अंडी असतात, आणि झाड बोटीवर चढलं की तेही चढतात. इथे त्यांना खाणारं कुणी नाही आणि सरड्यांना त्यांची भीतीच माहीत नाही, पळतसुद्धा नाहीत बिचारे. साप पोहतातही. किनाऱ्यासमोरच्या खडकांवर पोचले तर तिथले सरडेही संपतील, आणि तसले सरडे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. मग म्हणाली, “मला कुणाला दंड करायचा नाही. झाडं कुठे कुठे आहेत तेवढं सांगा, म्हणजे पिंजरे लावता येतील.”

अख्खा हॉल छताकडे बघायला लागला. छताला काही नव्हतं. तोमेउ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. ज्या ज्या माणसांनी तुझ्या झाडांवर पैसा केला, खड्डे खणले, नळ्या टाकल्या, ते सगळे तिथे होते.

मी उठले. म्हटलं, “एक माझ्या अंगणात आहे. माझ्या मुलीने आणलं. मार्गालिदाने. गावातली बाकीचीही बहुतेक तिनेच आणली.”

तोमेउ मागे वळून गोड आवाजात म्हणाला, “नेउस, बस खाली, तब्येत सांभाळ.”

“तब्येत कुदळ मारण्याएवढी आहे,” मी म्हटलं.

झालं एवढंच. तुझं नाव मी चारचौघांत घेतलं, हो. मग कुणाचं घेऊ? पाद्रीबाबांचं? आता म्हणतेस, मासिकवाल्यांनी तुझा लेख थांबवला आणि दोन गिऱ्हाइकांनी काम काढून घेतलं. वाईट वाटतं का मला? तू विचारलंस, म्हणून उत्तर देते. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले आणि झोपले.

जेवण म्हणजे पाव होता. पण जेवले.

नेउस


११ सप्टेंबर

मार्गालिदा,

तू उत्तर देत नाहीस. गप्प बसणं हेही उत्तरच असतं, पण ते भित्र्याचं.

तरी कळवते. माझ्याकडे आता तीन पिंजरे आहेत, लाकडी खोकी. एका कप्प्यात जिवंत उंदीर, मध्ये जाळी. साप उंदराच्या वासाने आत शिरतो आणि अडकतो, उंदराला धक्का लागत नाही. उंदराला रोज दाणापाणी घालायचं असतं. तर तुझ्या मासिकातल्या बागेत मी आता उंदीर पाळते. उन्हातून खोकी हलवते, नाहीतर ते तडफडून मरतील. लोकांना मी हल्ली झाड दाखवत नाही, उंदीर दाखवते. कुणी उसासे टाकत नाही.

साप सापडतात. किती ते लिहीत नाही, तुला मोजायला आवडेल म्हणून. कचेरीतली मुलगी येऊन नेते. तिला मी कॉफी देते. ती कठड्यावर बसते आणि म्हणते, “हा कठडा फार छान उंचीवर आहे हं, मावशी. ज्याने केला त्याने तुमचा विचार करून केलाय.” मी म्हटलं, “पी कॉफी.”

गेल्या महिन्यात टाक्याकडे जाताना खडीवरून माझा पाय सरकला. पडले नाही. तो कठडा नसता तर... पण खडीच नसती तर पायही सरकला नसता, तेव्हा हिशेब फिटला.

पेपा रविवारी आली आणि मला बोलून गेली. “नेउस, साप मारलेस ते मारलेस, पोरीलाही ठेचलंस. भर सभेत! आपलेच दात आणि आपलेच ओठ.” मी म्हटलं, दात किडले तर डॉक्टर ओठांना विचारत नाही. ती फ्लाओ न खाता उठली. पेपा फ्लाओ टाकून उठली, यावरून समज.

आता कामाचं. इर्मगार्डबाई पिंजरे लावू देत नाही. हातवारे करते, झाडाला मिठी मारते, डोकं हलवते. मी कागदावर साप काढून दाखवला, ती म्हणाली “नाइन, नाइन”, म्हणजे तिच्या भाषेत नाही. तिच्या बाजूने रोज साप गडगा ओलांडून येतात. मोठ्या बंगल्यांचं तेच. ती मुलगी दारोदार फिरते, पण फाटकं उघडत नाहीत. राखणदार म्हणतात, मालक हँबुर्गला, मालक लंडनला. तोमेउला विचारलं तर त्याला काही आठवत नाही. क्रेनने उचललेलं झाड विसरणारा पहिलाच माणूस.

कुठे कुठे काय लावलंस ते तुलाच ठाऊक. त्या फाटकांच्या आत तुझाच चेहरा ओळखतात. तू तिकडे बार्सेलोनात लोकांच्या गच्च्यांवर कुंड्या मांडत बसली आहेस. आतापर्यंत तू मला न विचारता सगळं केलंस. आता मी सांगते तेव्हा काहीच करत नाहीस.

मी तुला ‘ये’ म्हणत नाही. लाज वाटत असेल तर ये.

नेउस


२७ ऑक्टोबर

मार्गालिदा,

हे पत्र बार्सेलोनाला जात नाही. दोन टेकड्यांपलीकडे पेपाच्या घरी जातं आहे, शिकूच्या खिशातून. तू तिथे राहतेस हे मला शिकूने सांगितलं, म्हणजे गावात ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली.

परवाच्या सभेत सुरुवातीला तू मला पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. मला फार वेळ बसवत नाही, म्हणून मी मागे खांबाला टेकून उभी होते. तू बंदरावरून थेट आलीस, बॅग हातात होती. केस कापलेस ते चांगले दिसत नाहीत. तू त्या सोललेल्या नाकाच्या मुलीशेजारी उभी राहिलीस आणि घरांची नावं घ्यायला लागलीस. कागद नाही, काही नाही. टेकडीवरचा काचेचा बंगला, दोन झाडं. जुन्या गिरणीतलं हॉटेल, पोहण्याच्या तलावाभोवती पाच. कालव्याकाठचं डॉक्टरचं घर, एक. प्रत्येक झाड बागेच्या कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या महिन्यात आलं, बुंधा किती पोकळ. आवाज चढला नाही की पडला नाही. हॉटेलची बाई तिसऱ्या रांगेतून उठली आणि तुझ्या समोरून निघून गेली. तिच्या टाचांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. तू थांबलीस, आणि तिच्याच हॉटेलातलं पुढचं झाड सांगितलंस.

मग तोमेउ उठला. त्याने काय म्हटलं ते तुला माहीत आहे, पण मला पुन्हा लिहायचं आहे, म्हणजे माझा राग ताजा राहील.

“आता आठवलं होय? तेव्हा तर मला सांगायचीस, तोमेउ, जितकं जुनं तितकं छान, जितकं पोकळ तितकं छान! आणि हिची आई? तिने फक्त तिकीट लावायचं बाकी ठेवलं होतं. या गावातली निम्मी गिऱ्हाइकं नेउसच्या अंगणात झाड बघून माझ्याकडे आली.”

लोक हसले. मी हसणाऱ्यांची तोंडं बघून ठेवली आहेत. बोलला ते खोटं नव्हतं, आणि माझ्याबद्दल कुणी खरं बोललेलं मला खपत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण त्याला तेवढ्याने पुरेना.

“बापाविना वाढलेली पोर,” तो म्हणाला, “आईने जीभ तेवढी वाढवली. आता पोटावर पाय पडायला लागला तेव्हा आली दुसऱ्यांना बुडवायला.”

तू खाली बॅगेकडे बघत होतीस. तू लहानपणी अशीच बघायचीस, आणि मला त्याने फार संताप यायचा.

मी पुढे आले. हॉल लांब आहे आणि माझी काठी वाजते, तेव्हा मी पोचेपर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. म्हटलं, “तोमेउ, बस. हिला नावं ठेवायची तर माझ्यामागे रांगेत उभा राहा. आणि माझं अजून संपलेलं नाही, दीड वर्ष चाललंय, तुला बराच वेळ उभं राहावं लागेल.”

“नेउस, तूच तर पहिल्यांदा तिचं नाव...”

“मी घेतलं. माझी आहे ती. मी घेईन. आता तू सांग. ट्रक कुणाचा? क्रेन कुणाची? बोटीतून झाडं उतरवताना बुंध्यातून काय सळसळत होतं, ते तुझ्या माणसांनी पाहिलं की नाही?”

हे मला माहीत नव्हतं, मार्गालिदा. मी अंधारात दगड मारला. पण तोमेउचा चेहरा चुन्यासारखा झाला आणि तो वळून मागे पाहायला लागला, राफेलकडे. राफेल त्याचा ट्रक चालवतो, भला माणूस आहे, बोलत नाही. तो टोपी हातात फिरवत होता.

“पाहिलं होतं,” राफेल म्हणाला. “दोनदा. धनी म्हणाले, दोरखंड असेल, चल.”

पुढचं तू पाहिलंसच. मग इंग्रजांचा राखणदार उठून म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे, सोमवारी या. मग डॉक्टरची बायको. मग आणखी कुणी. तोमेउ बाहेर गेला तेव्हा त्याच्यासाठी कुणी दार धरलं नाही.

तू जाताना वळून माझ्याकडे पाहिलंस. मी पाद्रीबाबांशी बोलत होते. महत्त्वाचं बोलत होते. बघायला वेळ नव्हता.

आता नीट ऐक, आणि चुकीचा अर्थ काढू नकोस. मी तुझ्या बाजूने बोलले नाही. त्याच्या विरुद्ध बोलले. तू मला न सांगता माझं अंगण खणलंस, ते मी विसरलेले नाही. तुझ्या हौसेपायी या बेटावर जे शिरलं ते तुझ्या-माझ्या हयातीत निघायचं नाही, असं ती कचेरीतली मुलगी म्हणते, आणि तिला खोटं बोलता येत नाही. समुद्रातल्या खडकांपर्यंत पोचू दिले नाहीत, तरी फार झालं म्हणे. हे तुला आयुष्यभर पुरेल. पुरायलाच हवं.

शिकू म्हणतो, तू रोज सकाळपासून त्या मुलीच्या गाडीतून फिरतेस, बंगल्यांच्या आवारात खोकी लावतेस, आणि उंदरांना पाणी घालतेस. एका मालकाने तुझ्यावर वकील घातला आहे. पेपा सांगते, तू नीट जेवत नाहीस. पेपाचा स्वयंपाक कुणालाच जेववत नाही, हे तिला सांगू नकोस.

तुझी कुऱ्हाड आणायची भाषा शिकूने माझ्या कानावर घातली. ते झाड तोडायचं नाही. ते काही स्वतःहून आलेलं नाही. मी त्याची ढोल सिमेंट-जाळीने बंद करून घेतली आहे आणि बुंध्याला पत्रा ठोकला आहे. भयाण दिसतं. फोटो काढण्यासारखं मुळीच राहिलेलं नाही. यंदा त्याला फळ धरलं आहे, कडू, बारीक. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन.

इर्मगार्डबाईचं अजून तेच, नाइन आणि मिठी. तू तिची भाषा शिकलीस, पाच वर्षं जर्मनांच्या बागा करून. उद्या सकाळी सात वाजता तिच्या फाटकाशी ये. मी पिंजरे आणि उंदीर घेऊन येते. कॉफी थर्मासमध्ये असेल, ती इर्मगार्डबाईसाठी आहे, उरली तर तुला. उशीर करू नकोस. सात म्हणजे सात. तू आली नाहीस तर मी एकटी आत जाईन आणि तिच्याशी माझ्या भाषेत बोलेन, आणि मग त्या बाईने उरलेला जन्म इबिसाला शिव्या घातल्या, तर दोष तुझा.

आई